घर बघायचं ते सकाळी

हवापालट करायला माणसं महाबळेश्वरला जातात, पाचगणीला जातात. मी बोईसरला गेले. फलटणच्या आमच्या आळीत ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने "तिकडे काय आहे?" असं विचारलं, आणि मी प्रत्येकाला वेगळी थाप मारली. खरी गोष्ट अशी की माझी भाची सायली तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. तिचा नवरा प्रशांत तिथेच दुसऱ्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो. आणि त्यांची चार वर्षांची ओवी गेली दोन वर्षं थंडी पडली की धापा टाकायला लागते. डॉक्टरांनी फवाऱ्याचं औषध दिलं आणि म्हणाले, "औषध मी बघतो, हवा तुम्ही बघा."

सायलीने फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं. संक्रांतीपर्यंत बऱ्या हवेतलं घर मिळालं नाही तर ती नोकरी सोडून ओवीला घेऊन फलटणला येणार. प्रशांत तिकडे एकटा राहणार. ही नोकरी मिळवायला पोरीने किती वर्षं घासली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. "आठ दिवस येऊन ओवीला सांभाळ, म्हणजे आम्ही घरं बघतो," ती म्हणाली. मी आठ दिवसांचे कपडे घेऊन गेले आणि सव्वा महिना राहिले.

एक सांगून ठेवते. मी एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला आहे. याचा पुढे मला फार त्रास होणार आहे.

बोईसर

सायलीचं घर दुसऱ्या मजल्यावर, वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. पहिल्या सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसले आणि खालून जाणाऱ्या मोटारसायकली मोजायला लागले. चहा निवायच्या आत नाद सोडला. एका गाडीवर एक माणूस, पाठीवर सॅक, तोंडाला रुमाल. मधूनच ट्रक, ट्रकच्या मागे धुळीचा लोट, लोटात रिक्षा. चौकात चहाच्या टपरीवर मराठी, हिंदी, गुजराती सगळं एकाच किटलीतून ओतलं जात होतं. गॅलरीतल्या तुळशीच्या पानांवर बोट फिरवलं तर बोट राखाडी झालं.

घरं एका टोकाला, कारखाने दुसऱ्या टोकाला आणि मधे तेवढाच एक रस्ता. मग सकाळी सगळं गाव एकदम रस्त्यावर येणारच. फलटणला आम्ही पायी फिरतो ते काही आमच्या अंगी फार शिस्त आहे म्हणून नाही. दूध, शाळा, मंडई, देऊळ, सगळं हाकेच्या अंतरावर आहे म्हणून. आणि उगीच फुशारकी नको, हंगामात साखर कारखान्याच्या मळीचा वास आमच्याकडेही घरात येऊन पाहुण्यासारखा बसतो. पण तो पोरांच्या छातीत बसत नाही.

दुपारनंतर घरी असलं की पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्यायच्या असा सायलीचा नियम होता. "चारनंतर वास येतो," ती म्हणाली. का येतो, कुठून येतो, हे मी विचारलं नाही. भूगोलाच्या शिक्षिकेने विचारायला हवं होतं.

वसाहतीच्या पलीकडे

पहिलं घर तिसऱ्या दिवशी बघितलं. वसाहत ओलांडून समुद्राच्या बाजूला गेलं की किनाऱ्यावर कोळ्यांची गावं लागतात. त्यातल्या एका गावाच्या कडेला नवी इमारत झाली होती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. घरमालक सज्जन होता, त्याच्यावर उगीच ठपका नको.

कामावरून सुटून, आंघोळी करून आम्ही चौघं तिथे पोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. गच्चीवर गेलो आणि समुद्राचा असा मोकळा वारा आला की माझा पदर डोक्यावरून उडाला. खारट, गार, स्वच्छ. ओवी गच्चीभर पळत सुटली आणि तिला खोकला आला नाही. सायलीचे डोळे भरून आले. कारखाना इथून दोन किलोमीटर. प्रशांत तर मालकाला शब्द द्यायलाच निघाला होता.

खाली वाळूत बांबू रोवून, त्यांना आडव्या दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातले होते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगलेले. एक साठीची कोळीण ते चाचपून बघत होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळलेली, कानात जड सोन्याच्या कुड्या. हिराबाई तिचं नाव. तिने आमच्याकडे एकदा बघून घेतलं.

"घर बघाला आलं काय?"

"हो. हवा छान आहे तुमच्याकडे."

"संध्याकाली हाय." ती बोंबील उलटत म्हणाली. "सगली संध्याकालीच येतात. कामावरशी सुटले की येतात, बघतात नि खूश होतात. तुमी सकाली या. उजाडताना."

"सकाळी काय असतं?"

"या नि बघा. मी सांगून काय उपेग?"

प्रशांतला ती म्हातारी मोडता घालणारी वाटली. "घर दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तिला," तो परतताना म्हणाला. पण मी हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवला. डोळे चोळत, कानटोपी घालून, मनातल्या मनात माझ्या कुळाचा उद्धार करत तो मला तिथे घेऊन गेला.

उजाडत होतं आणि त्याच गच्चीखाली उभं राहवत नव्हतं. आंबूस, कडवट, घशाला खरवडणारा वास. वसाहतीच्या बाजूने धुकं आल्यासारखं काहीतरी जमिनीलगत सरकत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. प्रशांतने रुमाल तोंडावर धरला.

हिराबाई अंगणात बसली होती. दोऱ्या रिकाम्या होत्या. रात्रीची मासळी टोपल्यांत, वर ओलं गोणपाट. एका बांबूला जाळ्याची चिंधी बांधली होती आणि ती चिंधी समुद्राकडे फडफडत होती.

"ही चिंधी इकडं फिरली की टांगायचे," ती गावाकडे हात करून म्हणाली. "आता टांगले त बोंबील वास धरतात. एकदा टांगलेले, गिऱ्हाइकानं परत आनून दिले. माजी आय सूर्व्य उगवताना टांगायची. मी धा वाजेपर्यंत बसून ऱ्हातंय."

आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. हे मी एकतीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं, उलटे बाण काढणाऱ्यांना छड्या मारल्या. म्हणजे दुपारनंतर वसाहतीचा धूर बोईसरकडे, सायलीच्या पश्चिमेच्या खिडक्यांकडे जाणार, आणि पहाटे तोच धूर या कोळ्यांच्या दारात येणार. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत झाली. मला खरोखर लाज वाटली.

प्रशांतला सांगितलं तर तो रुमालाआडून म्हणाला, "मावशी, या प्रश्नाला किती मार्क होते?"

"दोन."

"मग ठीक आहे, फार नुकसान नाही झालं."

हिराबाईने आम्हाला चहा दिला आणि कागदात बांधून सुके बोंबील दिले. तुम्ही कसं राहता इथे, असं मी विचारलं. "जायाचं कुटं? होड्या हितंच हायत," ती म्हणाली. "पन आता आमी गप नाय बसत. वास आला की बाया मिलून जातो कंपनीत सांगाला. दोन-चार दिवस बरं जातं. मग परत जातो." तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. रोज वारा बघून कामाची वेळ ठरवणारी बाई होती ती, तिला थांबणं नवं नव्हतं. ते बोंबील सायलीने लसूण-तिखट लावून खमंग भाजले. त्यांना वसाहतीचा वास अजिबात नव्हता.

पालघर

त्या दिवसापासून नियम केला. घर दोनदा बघायचं, एकदा उजाडताना आणि एकदा दिवस मावळताना.

पालघरला कोळगावच्या बाजूला जिल्ह्याच्या कचेऱ्यांच्या मोठ्या देखण्या इमारती उभ्या आहेत. आजूबाजूला रुंद रस्ते, मोकळी जागा. त्याच रस्त्याने पुढे एक नवं संकुल आम्ही बघितलं. सकाळी हवा चांगली, संध्याकाळीही चांगली. फक्त तिथून स्टेशन लांब, दुकान लांब, शाळा लांब.

परतताना रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारी जव्हारकडची एक बाई मांडीवर पिशवी घेऊन दगडावर बसली होती. दाखल्यासाठी आली होती. पहाटे निघून जीप, मग एसटी, मग रिक्षा. "कचेरी मोटी बांधली, बरी हाय," ती म्हणाली, "पन एका कागदाला तीन गाड्या लागतात. आमचा डोंगुर तं जवल येत नाय." तिने पिशवीतून करांद्याचे उकडलेले कंद काढले आणि अर्धे माझ्या हातावर ठेवले. किंचित कडसर, मिठाबरोबर छान लागतात. मी माझ्याकडची शेंगदाण्याची चिक्की दिली. ती तिने पोरांसाठी बांधून ठेवली.

घरी आल्यावर प्रशांतने मनातली गोष्ट काढली. कोळगावचं घर घ्यायचं आणि एक चारचाकी घ्यायची. काचा लावून दोघं जातील, ओवीलाही धूर लागणार नाही.

"म्हणजे धुरापासून पळायला धूर सोडणारी गाडी घ्यायची?" मी म्हणाले.

"एका गाडीने काय होतंय, मावशी?"

"खालच्या रस्त्यावरचा प्रत्येक जण हेच म्हणतोय."

मी हे जरा जास्तच शाळेतल्या आवाजात म्हणाले असेन. प्रशांतने ताट बाजूला सारलं. सायली भात चिवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी राजीनामा लिहून ठेवलाय. तुम्ही दोघं भांडू नका." त्या संध्याकाळी मला माझाच राग आला. बरोबर बोलणं सोपं असतं. घर शोधायचं होतं त्यांना.

केळवे

रविवारी चेहरे उतरलेले बघून मीच म्हटलं, केळव्याला जाऊ. तिथे घर बघू नाहीतर नुसता समुद्र बघू.

केळवे म्हणजे नारळ-पोफळीची सावली, पाणी खळखळत जाणाऱ्या पाटांच्या वाड्या आणि पानवेली. सावलीत शिरल्याबरोबर ओवीने मोठा श्वास घेतला, अगदी सर्वांना ऐकू जाईल असा. एका वाडीतल्या काकूंकडे जेवलो. थंडीची उकडहंडी होती. मडक्यात कोनफळ, रताळी, शेंगा, वांगी, सगळं आपल्याच पाण्यात शिजलेलं. आमच्याकडच्या हुरड्याच्या थाटातच इकडची माणसं त्या मडक्याभोवती बसतात. फरक इतकाच की आम्ही धूर डोळ्यांत घेतो आणि हे लोक वाफ नाकात.

काकूंना विचारलं, भाड्याने दोन खोल्या मिळतील का.

"खोल्या हायत, पन त्या मुंबईवाल्यांच्या," काकू म्हणाल्या. "शनवार-रयवारी भरतात, बाकीचे दिवस कुलूप. गावातल्या निम्म्या घरांचं असंच झालंय. आमच्या मास्तरनीला पन गावात जागा मिळाली नाय, ती पालघरशी येते रोज." बाहेर अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग समुद्रापर्यंत लागली होती, सगळ्यांची इंजिनं चालू. काकूंनी तिकडे हात केला. "हवा खायला येतात नि धूर ठेवून जातात."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण काकू सहज म्हणाल्या, "वानगावला बघा ना. माजी बहीन दिलीय तिकडं. मिरचीवाले हायत. तिचे दोन खन रिकामे हायत."

वाणगाव

वाणगाव हे बोईसरच्या पुढचं स्टेशन. इतके दिवस घर शोधणाऱ्या या दोघांच्या डोक्यात ते आलं नव्हतं, कारण त्यांचा हिशेब मोटारसायकलने चालायचा. रस्त्याने वाणगाव लांब पडतं. लोकलने बसायला जागा शोधेपर्यंत येतं.

काकूंच्या बहिणीचे यजमान, दामूकाका, मिरची पिकवतात. घर स्टेशनपासून शेतातल्या वाटेने दहा मिनिटांवर. समोर ढोबळ्या मिरच्यांचे हिरवे वाफे, मागे चिकूची चार झाडं, पलीकडे बालवाडी. आम्ही नियमाप्रमाणे उजाडताना गेलो. मी, सायली आणि झोपलेल्या ओवीला खांद्यावर घेतलेला प्रशांत अंगणात ओळीने उभे राहिलो, डोळे मिटले आणि हुंगायला लागलो. दामूकाका दात घासत बाहेर आले.

"काय हो? गॅस लीक झाला काय कुटं?"

खुलासा करता करता प्रशांत लाल झाला. दामूकाकांनी चूळ भरली, स्वतःही एकदा नाक वर करून हुंगलं आणि म्हणाले, "शेनाचा वास येतो. तो चालंल काय?"

चालणार होता. संध्याकाळी पुन्हा आलो तेव्हा मात्र त्यांचा गडी बांधावर मिरचीची वाळकी झाडं पेटवत होता आणि आम्ही सगळे ठसकायला लागलो. सायलीचा चेहरा पडला. मी दामूकाकांना बाजूला घेऊन ओवीचं सगळं सांगितलं. मग गड्याला हाक मारून त्यांनी विस्तवावर माती टाकायला लावली. "आमी सवयीनं जालतो," ते म्हणाले. "खड्ड्यात टाकली तं खत होईल. पोर राह्याला येते तर जालनार नाय." त्यांनी हे लिहून दिलं नाही, आणि लिहून मागावं असंही वाटलं नाही.

उरला प्रश्न बोईसर स्टेशनपासून कारखान्यापर्यंतचा. सकाळी रिक्षा मिळेल न मिळेल, आणि उशीर झाला की प्रयोगशाळेत हजेरी कापली जाते. सायलीच्या कंपनीची बस होती, पण ती एका कॉलनीतून सुटायची. स्टेशनवर थांबत नसे. एक दिवस मी आणि सायली स्टेशनबाहेर उभ्या असताना तीच बस आमच्या नाकासमोरून गेली, आत मोजून सहा डोकी. सुटीच्या वेळी सायलीने ड्रायव्हरला गाठलं. रामसजीवन त्याचं नाव, गोरखपूरकडचा.

"मैडम, हम तो रोज इधर से ही खाली जाते हैं," तो म्हणाला. "रुकने को किसी ने बोला ही नहीं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सायलीने दोन दिवसांत उमरोळी, पालघर, वाणगाव, डहाणूकडून येणाऱ्या सहकाऱ्यांच्या सह्या गोळा केल्या. माझी भित्री भाची, शाळेत वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारी, तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. महिनाभर बघू, असं उत्तर मिळालं. पहिल्या दिवशी स्टेशनवर चौघं चढले. दुसऱ्या आठवड्यात रामसजीवन सायलीला म्हणाला की आता खिडकीची जागा हवी तर पळत यावं लागेल. यातले कितीतरी जण आधी मोटारसायकलवर रुमाल बांधून जायचे.

प्रशांत सर्वांत शेवटी विरघळला. त्याच्या कारखान्याचं फाटक त्याच बसच्या वाटेवर, रामसजीवन तिथे उतरवायलाही तयार, तरी तो मोटारसायकल सोडेना. "पुरुषाला आपलं वाहन पाहिजे," असं काहीतरी तत्त्वज्ञान होतं. एक दिवस चाक पंक्चर झालं म्हणून नाइलाजाने बसमध्ये बसला, आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, "मावशी, मी आज जाताना झोपलो." एवढंच. मोटारसायकल आता वाणगावात बाजारच्या पिशव्या आणते. चारचाकीचा विषय मी काढला नाही. तोही काढत नाही.

संक्रांत वाणगावच्याच घरात झाली. सायलीने राजीनाम्याच्या कागदावर तीळ निवडले.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. फवारा अजून उशाशी आहे. डॉक्टर म्हणाले, एक थंडी इथे जाऊ दे, मग बोलू. कधीकधी वारा वाकडा फिरतो आणि इथेही पुसट वास येतो. त्या दिवशी सायली माझ्याकडे बघते आणि मी बाणांची दिशा सांगते. हिराबाईच्या दारातला पहाटेचा वारा तर अजून तसाच आहे, हे मी विसरलेले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ओवी आणि मी सायली-प्रशांतला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी गेली. परत येताना, बालवाडीच्या वाटेवर, ओवीने माझा हात सोडला आणि मिरच्यांच्या वाफ्यांमधून पळत सुटली. "अगं हळू," मी ओरडणार होते, सवयीने. पण ती पळतच होती, बोलत पळत होती, बगळा, पाइप, कुत्रा, जे दिसेल त्याचं नाव घेत. मी माझ्या त्रेसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी तिच्या मागे. पोचले तेव्हा मला बोलवेना. मी बांधाला टेकले.

ओवी परत आली. माझ्या पाठीवर तिने हात फिरवला, तिची आई फिरवते तसाच, वरून खाली.

"आजी, धाप लागली?" ती म्हणाली. "नाकाने घे, तोंडाने सोड. घाई नको करू. मी थांबते."